नाताळाची तयारी बावन्न दिवस आधी

वाचनासाठी : नहेम्या 2:1-18, नहेम्या अध्याय 3, नहेम्या 6:15, लूक 10:38-42



नाताळ दरवर्षी 25 डिसेंबरलाच येतो. तरीही डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की मंडळीत कोणीतरी म्हणतेच, "अहो, नाताळ तोंडावर आला की!" मग फोन सुरू होतात. गोठ्यासाठी पेंढा कोण आणणार, कॅरल्सना गाडी कोणाची, चोवीसच्या रात्री चहा कोण करणार, संडे स्कूलच्या मुलांच्या नाटिकेचे पंख कोणाच्या माळ्यावर आहेत? आणि हे फोन कोणाला जातात? जे कधी नाही म्हणत नाहीत, त्यांनाच.

दिल्लीतल्या एका मंडळीत मी अशी एक बहीण पाहिली आहे. सलग तीन नाताळ तिने स्वयंपाक, सजावट आणि मुलांचा कार्यक्रम असे तिन्ही सांभाळले. चोवीसच्या रात्री आत उपासना चालू असताना ती मागच्या खोलीत कप मोजत होती. तिसऱ्या वर्षानंतर जानेवारीत ती दिसेनाशी झाली. फेब्रुवारीत कोणीतरी चौकशी केली तेव्हा ती एवढेच म्हणाली की थकले आहे. त्या चौकशी न करणाऱ्यांत मीही होतो. म्हणून हा अभ्यास सजावटीपासून नव्हे, तिच्यापासून सुरू करतो.

नहेम्याच्या पुस्तकात यरुशलेमचा तट बांधून पूर्ण झाल्याची नोंद सहाव्या अध्यायाच्या पंधराव्या वचनात आहे. काम बावन्न दिवसांत झाले आणि अलूल महिन्याच्या पंचविसाव्या तारखेला संपले. अलूल म्हणजे साधारण ऑगस्ट-सप्टेंबर, त्याचा नाताळाशी काही संबंध नाही. पण पंचवीस हा आकडा पाहून मी सहज कॅलेंडरवर बोट ठेवून मागे मोजले. 24 डिसेंबर हा बावन्नावा दिवस धरला तर पहिला दिवस 3 नोव्हेंबर येतो. आगमनकाळाचा पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान पडतो. म्हणजे त्याच्या आधी आपल्याला तीन-चार आठवडे मिळतात. तेवढे पुरतात, फक्त पहिल्या दिवशी कामाला लागण्याआधीचे काम झालेले असले पाहिजे.

ते आधीचे काम नहेम्याने कसे केले, ते दुसऱ्या अध्यायात पाहा. तो यरुशलेमला पोहोचला, तीन दिवस थांबला. मग रात्री थोडीच माणसे बरोबर घेऊन निघाला आणि तट कुठे पडला आहे, वेशी कुठे जळाल्या आहेत, हे स्वतः पाहून आला. तोवर त्याने कोणाला काही सांगितले नव्हते. आपण याच्या उलट करतो. आधी कार्यक्रम जाहीर करतो, मग माणसे शोधतो.

ऑक्टोबरची पाहणी

आपल्या चळवळीचे सभासद दिल्लीत, गुरुग्राममध्ये, नोएडात, फरीदाबाद-गाझियाबादमध्ये वेगवेगळ्या मंडळ्यांत आहेत. कोणी सी.एन.आय.चे, कोणी कॅथलिक, कोणी मेथडिस्ट, कोणी बॅप्टिस्ट. तेव्हा पहिली गोष्ट ही की आपण कोणाच्या मंडळीत वेगळा कार्यक्रम उभा करायला जात नाही. आधी पाळकसाहेबांना किंवा फादरना भेटा, कमिटीला विचारा, आणि त्यांनी सोपवले तरच पाहणीचे काम हाती घ्या. नहेम्यासुद्धा राजाला विचारून, पत्रे घेऊन निघाला होता.

पाहणी माणसांची करायची आहे, आणि ती ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत व्हायला हवी. याला एक अगदी साधे कारण आहे, ते म्हणजे रेल्वे. 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडते. 22 डिसेंबरच्या गाडीचे आरक्षण 23 ऑक्टोबरला सुरू होते. दिल्लीतल्या मंडळ्यांत केरळचे, झारखंडचे, ईशान्येचे, पंजाबचे आणि आपल्यासारखे महाराष्ट्राचे लोक असतात. त्यांतले बरेच नाताळाला गावी जातात. कोण जाणार हे त्या आठवड्यात घरोघरी ठरते. तुम्ही 10 डिसेंबरला विचारले तर उत्तर मिळते, "आम्ही तर नाही आहोत." 15 ऑक्टोबरला विचारले तर कदाचित उत्तर मिळेल, "चोवीसला नाही, पण कॅरल्सच्या दोन रविवारी आहोत." काही घरे, विचारले म्हणून, जाण्याची तारीख दोन दिवस पुढेही ढकलतात. त्यांना कोणी आधी विचारलेलेच नसते.

विचारताना "सेवा कराल का?" असे विचारू नका. या प्रश्नाला भिडेपोटी हो येते, आणि मनातून नाही असते. चार गोष्टी विचारा. तुम्ही राहता कुठे? डिसेंबरमध्ये कोणत्या दिवशी किती तास मोकळे आहात? काय करायला तुम्हाला आवडते? आणि मागच्या वर्षी तुम्ही काय केले होते? चौथा प्रश्न महत्त्वाचा आहे. ज्याने मागच्या वर्षी भांडी घासली त्याच्याकडे यंदा पुन्हा भांडी जाऊ नयेत.

शाळकरी मुलांच्या आईवडिलांना विचारताना लक्षात ठेवा की दहावी-बारावीच्या पूर्वपरीक्षा बहुधा याच महिन्यात येतात, आणि दिल्लीतल्या बहुतेक शाळांची थंडीची सुटी जानेवारीत लागते. पुण्या-मुंबईत नाताळाची सुटी म्हणून जी कल्पना आपण घेऊन आलेलो असतो, ती इथे चालत नाही. नाटिकेचा सराव दर रविवारी उपासनेनंतर अर्धा तास, नोव्हेंबरपासून, हाच मार्ग. शेवटच्या आठवड्यात रोज संध्याकाळी मुले बोलावणे म्हणजे आईवडिलांवर अन्याय.

आपापल्या घरासमोर

नहेम्याचा तिसरा अध्याय वाचताना बहुतेक जण कंटाळतात. नावेच नावे. पण थोडे थांबून वाचा. सोनार तट बांधत आहेत, सुगंधी द्रव्ये करणारे बांधत आहेत. शल्लूम नावाचा अधिकारी आपल्या मुलींना घेऊन बांधतो आहे. आणि पुन्हा पुन्हा एक गोष्ट येते. अमक्याने आपल्या घरासमोरचा भाग बांधला, तमक्याने आपल्या खोलीसमोरचा, याजकांनी आपापल्या घरासमोरचा (10, 23, 28, 30 ही वचने पाहा). बावन्न दिवसांत काम होण्याचे हे मोठे कारण आहे, असे मला वाटते. येण्याजाण्यात वेळ गेला नाही, आणि आपल्या दारासमोरचा तट कच्चा ठेवावा असे कोणालाच वाटले नाही.

दिल्लीच्या मंडळ्यांना ही गोष्ट जितकी लागू पडते तितकी क्वचितच कुठे पडत असेल. आपली जुनी चर्चेस शहराच्या मध्यात आहेत. काश्मिरी गेटचे सेंट जेम्स 1836 चे. नवी दिल्ली वसताना हेन्री मेड या वास्तुशिल्पकाराने आखलेली दोन, म्हणजे राष्ट्रपती भवनाजवळचे कॅथीड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन आणि गोल डाकखान्याजवळचे सेक्रेड हार्ट कॅथीड्रल. माणसे मात्र द्वारकेत, रोहिणीत, ग्रेटर नोएडात, फरीदाबादच्या सेक्टरांत जाऊन राहिली. द्वारकेतल्या कुटुंबाला काश्मिरी गेटला सजावटीसाठी संध्याकाळी बोलावले तर दोन तास काम आणि तीन तास रस्ता. दोनदा येतील, तिसऱ्यांदा येणार नाहीत, आणि आपण म्हणू की त्यांच्यात आवेश राहिला नाही!

म्हणून यादी कामाप्रमाणे करण्याआधी वस्तीप्रमाणे करा. द्वारकेतली पाच घरे एक गट, मयूर विहार आणि नोएडाची चार घरे दुसरा. कॅरल्स त्या गटाने आपल्याच भागात गावीत. गोठ्याचे पुतळे रंगवणे, तारे करणे, मुलांच्या खाऊच्या पिशव्या भरणे, करंज्या आणि शंकरपाळे तळणे ही कामे त्या त्या घरी होतात. चर्चमध्ये यावे लागते ते गोठा बांधायला, विजेच्या माळा लावायला आणि शेवटच्या दोन दिवसांच्या सेवेला. जे चर्चजवळ राहतात त्यांच्याकडे ही कामे द्या. मध्यरात्रीनंतरची आवराआवरही त्यांच्याकडेच, कारण चोवीसच्या रात्री उपासना संपते तेव्हा मेट्रो बंद झालेली असते. लांबून येणाऱ्या वृद्धांना घरी कोण सोडणार, ही यादी कप आणि केक यांच्या यादीआधी तयार हवी. कोणाच्या गाडीत कोणाची जागा, नावानिशी. एकतीसच्या रात्रीच्या उपासनेला आणखी एक अडचण असते. अलीकडच्या अनेक वर्षांत त्या रात्री नऊनंतर राजीव चौक स्थानकातून बाहेर पडू देत नाहीत. हे आधीच्या रविवारी सांगायचे, त्या रात्री नव्हे.

मराठी घरांसाठी इथे एक छोटी सूचना. हिंदी किंवा इंग्रजी मंडळीत आपण बहुधा मागच्या बाकावर बसतो. ना. वा. टिळकांची भजने आपल्याला पाठ असतात, घरी पेटी असते, टाळ असतात. तीन-चार मराठी कुटुंबे मिळून कॅरल्सच्या कार्यक्रमात एक भजन द्यायला ऑक्टोबरमध्येच तयारी दाखवा. मल्याळी आणि मिझो गट दरवर्षी गातात, तेही सुरेख. आपल्याला कोणी अडवलेले नाही, आपणच कधी विचारत नाही.

त्याच अध्यायाच्या पाचव्या वचनात एक खटकणारी नोंद आहे. तकोवाच्या लोकांनी काम केले, पण त्यांच्या सरदारांनी खांदा दिला नाही. तेवढीच नोंद आहे, पुढे नहेम्या त्यांच्याशी भांडत बसल्याचे दिसत नाही. आणि सत्ताविसाव्या वचनात तेच तकोवाचे सामान्य लोक तटाचा दुसराही एक भाग बांधताना दिसतात. तुमच्या मंडळीतही काही जण खांदा देणार नाहीत. त्यांच्याविषयी बोलण्यात नोव्हेंबर घालवू नका.

पत्रे, धुके आणि हवा

नहेम्याने राजाकडे पत्रे मागितली, वाटेतल्या सुभेदारांसाठी आणि लाकूड देणाऱ्या अधिकाऱ्यासाठी. विश्वास असलेल्या माणसाने परवानगी मागण्यात कमीपणा मानला नाही. आपल्याला लागणारी पत्रे अशी. अंगणात ध्वनिक्षेपक लावायचा असेल तर पोलिसांची परवानगी. सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि सणासाठी बारापर्यंतची सवलत सरकारने जाहीर केलेल्या मोजक्याच दिवसांना असते. तेव्हा ती सवलत आहे का, हे आधी विचारून घ्या. नसेल तर दहानंतरचा सगळा कार्यक्रम आत, दारे लावून. रस्त्यावर गाड्या उभ्या राहणार असतील तर वाहतूक पोलिसांना कळवणे. कॅरल्ससाठी ज्या सोसायटीत जायचे तिथल्या आर.डब्ल्यू.ए.ला आधी पत्र, आणि ज्या घराने बोलावले त्याच घरी जाणे.

हे शेवटचे मी जरा जोर देऊन सांगतो. गेल्या काही वर्षांत देशात काही ठिकाणी कॅरल्स गाणाऱ्यांना अडवल्याचे प्रसंग घडले आहेत. भिऊन घरी बसण्याचे कारण नाही. पण प्रत्येक गटात दोन जाणती माणसे असावीत, पत्राची प्रत त्यांच्या खिशात असावी, आणि कोणी हुज्जत घातली तर गाणे थांबवून नम्रपणे निघून यावे, हे तरुणांना आधी नीट समजावून सांगावे. मुले असलेल्या गटात किमान दोन मोठी माणसे नेहमी हवीतच. ही शिस्त संडे स्कूलच्या सरावालाही लागू आहे.

आता हवा. डिसेंबरच्या शेवटी दिल्लीत रात्रीचे तापमान सहा-सात अंशांवर येते, धुके पडते, आणि हवेचा निर्देशांक 400 च्या वर गेला की 'गंभीर' म्हणतात. प्रदूषणावरच्या 'ग्रॅप' योजनेचा तिसरा टप्पा लागला की दिल्लीत आणि लगतच्या चार जिल्ह्यांत बी.एस. तीनच्या पेट्रोल आणि बी.एस. चारच्या डिझेल चारचाकी चालवता येत नाहीत. डिझेल जनरेटरवर तर त्याआधीपासूनच निर्बंध असतात. म्हणजे कॅरल्ससाठी धरलेली जुनी गाडी आणि मंडपासाठी ठरवलेला जनरेटर दोन्ही ऐनवेळी बाद होऊ शकतात. दुसरी गाडी आणि बॅटरीवर चालणारे दिवे आधीच पाहून ठेवा. दमेकरी आणि लहान मुलांना रात्री उघड्यावर गायला नेऊ नका. त्यांच्यासाठी दुपारची एक फेरी ठेवा, एखाद्या आजारी किंवा एकट्या वृद्धाच्या घरी, आत बसून गाणी. मला तर तीच फेरी जास्त आवडते.

ज्यांना त्या दिवशी सुटी नसते

दिल्ली एनसीआरच्या कितीतरी घरांत झारखंडच्या गुमला, सिमडेगा, रांची भागांतून आलेल्या ख्रिस्ती बहिणी काम करतात. पंचवीस डिसेंबर हा त्यांच्या मालकांच्या घरी पाहुण्यांचा दिवस असतो. केक मालकीणबाई कापतात, बशा या बहिणी धुतात. रुग्णालयांतल्या परिचारिका, सोसायट्यांचे पहारेकरी, हॉटेलांतले स्वयंपाकी यांचीही तीच गत. आपण मात्र उपासनेच्या वेळा सुटी असणाऱ्यांच्या सोयीने ठरवतो.

लूकच्या दुसऱ्या अध्यायात पहिली वार्ता कोणाला मिळाली? रात्रपाळीवर असलेल्या मेंढपाळांना. देवदूत त्यांच्या कामाच्या जागी गेला. हे आपण दरवर्षी मुलांच्या नाटिकेत दाखवतो, तेव्हा वेळापत्रक करतानाही ते आठवावे. ऑक्टोबरच्या पाहणीत या बहिणींना एक प्रश्न विचारा : तुम्हाला कधी येता येईल? उत्तर कदाचित नाताळानंतरच्या रविवारी दुपारी तीन ते पाच असे येईल. मग त्या दुपारी त्यांच्यासाठी उपासना मागा, सादरीत किंवा कुडुखमध्ये गाणी असू द्या, गोठा आणि दिवे तोवर उतरवू नका. आणि एक विनंती. त्या दुपारी चहा त्यांना आपण द्यायचा आणि कपही आपण धुवायचे. चर्चमध्ये भांड्यांची वेळ आली की आपले डोळे आपोआप त्यांच्याकडे वळतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. कोणी मुद्दाम करत नाही, पण घडते.

मालकांशी बोलण्याची वेळ आली तर तेही नोव्हेंबरमध्ये. आपल्यापैकी काहींच्या घरीही कामाला बाई आहे. तिची सुटी आधी ठरवा.

चोवीस-पंचवीसला मोठ्या चर्चेसमध्ये जी गर्दी होते, तिच्यात ख्रिस्ती नसलेली कुटुंबे हजारोंनी असतात. सेक्रेड हार्टच्या अंगणात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. गोठ्यासमोर मूल विचारते, "ये बच्चा कौन है?" आणि बाप इकडेतिकडे पाहतो. तिथे दोरी धरून उभा असलेला स्वयंसेवक फक्त "आगे चलिए" म्हणत असेल तर आपण काहीतरी हुकवले. गोठ्याजवळ पाळीपाळीने असे दोघे ठेवा ज्यांना चार वाक्यांत, सोप्या हिंदीत, हसतमुखाने सांगता येईल. ही चार वाक्ये आधी बसवून घ्या. वाद नको, पत्रक हातात कोंबणे नको. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, बस्स.

मार्थेला बसायला जागा

लूक 10 मध्ये प्रभूने मार्थेला स्वयंपाक करू नको असे म्हटलेले नाही. पुष्कळ गोष्टींच्या काळजीने ती ओढली जात होती, हे त्याने ओळखले. पण आपण हा उतारा थकलेल्या बायकांना ऐकवतो आणि पुन्हा त्यांनाच स्वयंपाकघरात पाठवतो! मार्थेने बसावे असे वाटत असेल तर तिच्या हातातली परात कोणीतरी घ्यायला हवी.

त्यासाठी एक नियम पाळून पाहा. पाळ्या लावताना प्रत्येक सेवकाच्या नावापुढे कामाची वेळ लिहा आणि शेजारी एक उपासना लिहा, ज्या उपासनेत त्याच्या हातात काहीही नसेल. फोन नाही, किल्ल्या नाहीत, मूल सांभाळणेही नाही. चोवीसची रात्र ज्याच्याकडे कामाची, त्याला पंचवीसची सकाळ मोकळी. ज्याच्या नावापुढे अशी उपासना लिहिता येत नाही, त्याच्याकडे काम जास्त झाले आहे. ते त्याला विचारू नका, तो नाहीच म्हणेल. सरळ काढून घ्या. 1 इतिहासाच्या 25 व्या अध्यायात गायकांच्या चोवीस पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या. लहान-मोठा, गुरू-शिष्य असा भेद केला नाही. आमच्या ओळखीच्या एका गटाने भांडी आणि स्वच्छता यांच्या पाळ्या अशाच चिठ्ठ्यांनी ठरवल्या. एका वर्षी कमिटीच्या सचिवांच्या नावाची चिठ्ठी निघाली. त्यांनी बाह्या वर केल्या, आणि पुढच्या वर्षी भांड्यांसाठी साबण आणि रबरी हातमोजे यांची रक्कम अंदाजपत्रकात आली.

नाताळानंतर 6 जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत गोठा ठेवण्याची प्रथा आहे. तो उतरवायलाही माणसे लागतात, आणि तेव्हा कोणीच नसते. ती पाळीही ऑक्टोबरमध्येच लावा. ज्यांना डिसेंबरमध्ये गावी जायचे होते ते तोवर परतलेले असतात, ही पाळी त्यांची.

अठ्ठावीस-एकोणतीस डिसेंबरला, सगळे ताजे आठवत असताना, एक वही भरा. मेणबत्त्या किती आणल्या, किती उरल्या. चहा किती लिटर लागला आणि कधी संपला. कोणता रस्ता बंद होता. पेंढा कुठून मिळाला. जमाखर्च पावत्यांसकट. कोणी कोणती पाळी केली. कोणाला विचारले, पण ते नाही म्हणाले, आणि का. आणि वेगळ्या पानावर त्यांची नावे, ज्यांना यंदा कोणी विचारलेच नाही. पुढच्या ऑक्टोबरच्या बैठकीत वही त्या पानापासून उघडा.